विमावाल्याचं रॉकेट

सन दोन हजार बावीस. माझं वय आईच्या हिशेबानं त्र्याहत्तर, शाळेच्या दाखल्यावर एकाहत्तर. आई म्हणायची, पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात झालास. मास्तरनं त्याच्या सोयीनं साल बदललं अन् एक जून टाकून दिली. त्या शाळेत मी दोनच वर्षं टिकलो, म्हणून मास्तरपेक्षा आईचं खरं धरतो. तर त्या साली लातुरात माझ्या वरच्या दोन खोल्या बघायला विमा कंपनीतला एक बाबू आला. संगं बायको, सहा वर्षांची पोरगी, अन् डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट घालूनच जिना चढला.

खोल्या बघायला आलेला माणूस आधी नळ सोडून बघतो. ह्यानं शेगडीच्या जागेजवळ वाकून वास घेतला. स्विचच्या बोर्डाला उलट्या हातानं शिवून बघितलं. मग परत जिन्यात आला, खाली बसला अन् एकेक पायरी वितेनं मापली. मी म्हणलं, ह्याला खोल्या पाहिजेत का जिना? तेवढ्यात तो म्हणाला, "मामा, पायऱ्या सगळ्या एकसारख्या हाईत. असल्या जिन्यावरून माणूस पडत न्हाई."

मी मिस्त्री माणूस. मिसरूड फुटायच्या आधी हातात थापी आली. लातुरातल्या किती भिंतींना माझा ओळंबा लागला ते मलाही सांगता यायचं नाही. पण तोवर एकाही माणसानं माझ्या पायऱ्यांना चांगलं म्हणलं नव्हतं. पायरी चुकली की लोक शिव्या देतात. बराबर असली की नुसते तिच्यावरून जातात. मी तिथंच मनातल्या मनात खोल्या त्याला देऊन टाकल्या.

किराया सांगायच्या आत हा गडी गच्चीवर गेला, कठड्याला कंबर लावून उभा राहिला अन् म्हणाला, "कठडा ठेंगणा हाय मामा."

माझ्या हातचा कठडा. मी म्हणलं, "कठडा ठेंगणा न्हाई सायेब, तुमचं काळीज ठेंगणं हाय."

त्याला राग आला नाही. त्याला राग कधी यायचाच नाही, ही त्याची दुसरी खोड. शांतपणानं म्हणाला, "केस आलेली हाय."

हे त्याचं वाक्य मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. मी त्याच्यासमोर गच्चीच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली करदोड्याला बांधली अन् सांगितलं, कठडा बरोबर आहे असं तुमच्या तोंडानं म्हणाल त्या दिवशी किल्ली मिळेल. तो म्हणाला, कुलूप लावलं ते लई चांगलं केलं. त्या भांडणात मी जिंकलो का हरलो, ते मला अजून कळलेलं नाही. एवढं खरं की त्या दिवसापासून माझ्या बायकोच्या कुरडया अंगणात वाळायला लागल्या, अन् त्या वाळत असल्या की ती माझ्याशी बोलायची नाही.

आता तो नांदेडला असतो. बदली झाली. तिथून फोन करतो, अन् खुशाली विचारायच्या आधी विचारतो, मामा, गीझर बंद केला का? माझ्या घरात गीझर नाही. हे त्याला माहीत आहे. तरी विचारतो.

त्याचं हापिस म्हणजे मेलेल्या, मोडलेल्या अन् भाजलेल्या माणसांच्या दाव्यांचं हापिस. दिवसभर तो तेच वाचायचा. बाकीचे बाबू संध्याकाळी घरी येताना भाजी आणतात, हा केसा आणायचा. अंगणात चपला काढता काढता सुरू. एक माणूस नारळाच्या झाडाखाली चहा प्यायला उभा राहिला. दुसरा चुलत भावाच्या वरातीत घोड्याच्या मागं नाचला. तिसऱ्याच्या नरड्यात सुपारी अडकली. ही तिसरी केस त्यानं सांगितली तेव्हा माझ्या हातात अडकित्ता होता. त्या दिवशी सुपारी गोड लागली नाही.

पंख्याखाली खाट टाकायची नाही. गॅसचं बटन त्यानं बंद करायचं, मग बायकोनं बघायचं, मग परत त्यानं. पोरगी आठ वर्षांची झाली तरी सायकलीला बाजूची दोन चाकं. संक्रांतीला पतंग नाही. मांजानं गळा कापल्याची केस. दिवाळीला फुलझडी कुंडीतल्या मातीत खोचून पेटवायची अन् तिघांनी दारातून बघायची, हा पाण्याची बादली धरून. मोरीच्या कामातल्या उरलेल्या विटा मी अंगणात रचून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडं बघून रोज म्हणायचा, मामा, विटांच्या ढिगात इच्चू निघतो, ह्या हालवा. मी मुद्दाम हालवल्या नाहीत. माझ्या अंगणात काय ठेवायचं ते विमा कंपनी ठरवणार का?

गल्लीत लोक म्हणायचे, भूकंपाच्या वेळी लहान होता, म्हणून जीव धसकला असंल. मलाही ते पटलं. आपल्याकडं कुणी जरा येडंवाकडं वागलं की त्याचं खापर भूकंपावर फोडायची सोय आहे. एकदा मी सरळच विचारलं. म्हणाला, "न्हाई मामा, आम्ही धर्माबादचे. तिकडं आमच्या घरातलं भांडं बी पडलं न्हाई. मी पयल्यापासूनच असा हाय."

पण नुसता भित्रा म्हणलं तर माझ्या जिभेला किडे पडतील. आमच्या शेगडीची नळी चिरलेली त्यालाच दिसली. न विचारता नवीन आणून बसवली, अन् पैसे देऊ केले तर म्हणाला, खाली भडका झाला तर वर आमीच हाव, माझा सवारथ हाय. भीती त्याला सगळ्यांच्या वाटणीची वाटायची. माझ्या वाटणीची तर जास्तच, कारण मला वाटत नव्हती.

तर अशा माणसाच्या घरी रॉकेट आलं.

पाठवलं त्याच्या मेव्हण्यानं, हैदराबादहून, भाचीच्या आठव्या वाढदिवसाला. खोक्यावर आभाळात चाललेलं रॉकेट अन् खाली हसणारी गोरी लेकरं. आत प्लास्टिकचा चबुतरा, त्याच्या बुडाला पाण्याची डबी, वर हाताएवढं हलकं रॉकेट, अन् लांब वायरच्या टोकाला बटन. डबीत पाणी भरायचं, त्यात पुडीतलं निंबूसत टाकायचं, सेलचा करंट चालू करून बुडबुडे भरू द्यायचे, अन् बटन दाबायचं की उडतं. मी विचारलं, दारू कुठं भरायची? म्हणाला, दारू न्हाई, पाण्यावरच उडतंय. पाण्यात करंट सोडला की त्याचे दोन वायू होतात. त्यातला एक हायड्रोजन, तो ठिणगी पडली की जळतो, अन् जळला की त्याचं परत पाणी होतंय.

मी म्हणलं, "मग पाण्याचं पाणी करायला येवढा खटाटोप कशाला? अन् लातूरच्या माणसाला पाणी जाळायचं सांगता? इथं आम्ही पाण्याच्या टँकरमागं घागरी घेऊन पळालो."

ह्यावर तो हसला नाही. हायड्रोजन ह्या शब्दाला त्याचा चेहराच पडला होता. रॉकेट कपाटावर गेलं, अन् त्याच्यावर सुटकेस.

मग त्यांच्या घरात एक निराळंच भांडण लागलं. मोबाइलवर म्हणे, ज्यांनी ते खेळणं घेतलं त्या आईबापांनी आपापले अनुभव लिहून ठेवलेले असतात, अन् वर तारे देतात. पाच तारे म्हणजे लई चांगलं, एक म्हणजे वाया. हा गडी एका ताऱ्यावालेच तेवढे वाचायचा. त्याची बायको पाचवाले वाचायची. संध्याकाळी वरच्या खिडकीतून दोघांचं वाचन खाली माझ्या खाटेवर पडायचं. हा वाचायचा, रॉकेट शेजाऱ्याच्या छपरावर गेलं अन् शेजाऱ्यानं ते दिलं न्हाई. ती भाकरी थापत सांगायची, एका आईनं लिहिलंय, पोरानं टीव्ही सोडला अन् आठ दिवस पाण्याचंच विचारून राहिलंय. हा वाचायचा, आवाजानं लेकरू घाबरून आत पळालं. ती म्हणायची, एका बापानं लिहिलंय, पोराला दोनदाच मिळालं, बाकी दिवसभर मीच उडवत बसलो. शेवटी ती म्हणाली, ह्यातल्या एकानं तरी लिहिलंय का, की आम्ही कपाटावर ठेवलं अन् आमचं लेकरू लई खुश झालं?

मला ह्या सगळ्याची गंमत वाटायची. गंमत संपली ती झोपाळ्यावरून.

माझ्या ओसरीत लोखंडी झोपाळा आहे. कड्या मी स्वतः स्लॅब टाकताना सळईत अडकवल्यात. आधी पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकून त्याच्यावर उडी मारायची. त्या दिवशी आली, उभी राहिली, मान वर करून बघितलं अन् विचारलं, "आबा, ह्या कड्या कवा तपासल्या होत्या?"

मी म्हणलं, हत्ती बसला तरी निघणार नाहीत.

तिनं बापासारखीच मान हलवली. "केस आलेली आसंल," असं म्हणाली, अन् खाली फरशीवर मांडी घालून बसली.

तिची आई दारात उभी होती, तिनं ऐकलं. ती सरळ स्वयंपाकघरात माझ्या बायकोकडं गेली. पोरगी शाळेच्या सहलीला गेली नाही, रॉकेट मागायचं तिनं बंद केलं, आता तर ती गॅसचं बटन चौथ्यांदा बघायला उठते, असं सगळं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "मामी, मला त्या रॉकेटचं काई न्हाई. उडंल न्हाईतर न्हाई उडंल. पर बटन हिनं दाबाया पायजे. न्हाईतर ही जलमभर फरशीवरच बसंल."

हेच तिनं नवऱ्यालाही सांगितलं असणार, कारण दोन-तीन दिवस त्यानं एकही केस घरी आणली नाही. मग एका संध्याकाळी माझ्याकडं आला. म्हणाला, येळवशीला उडवायचं ठरवलंय. घरासमोरच्या रस्त्यावर. त्या दिवशी सगळी गल्ली रिकामी असती, कुणाच्या डोक्यात पडायची भीती न्हाई.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अवस. आमच्याकडं त्या दिवशी सगळं लातूर वावरात जेवतं. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच पांडव मांडून पुजायचे, भज्जी, उंडे, आंबील, खीर खायची. ज्याला वावर नाही त्याला वावरवाला ओढून नेतो. ह्या गड्यानं आधी दोन वर्षं सापाच्या केसा सांगून दार लावून घरात डाळभात खाल्ला होता. माझ्या किरायदारानं येळवशीला घरी चूल पेटवली, ही गोष्ट मी दोन वर्षं गल्लीत लपवून ठेवली होती. तिसऱ्या वर्षी ते जमणार नव्हतं.

मी म्हणलं, "माणसाच्या डोक्याची भीती हाय ना? मग माझ्या वावरात चला. तिथं डोस्कं कमी अन् रान जास्त."

"वावरात कडबा असतो मामा. केस—"

"आलेली हाय," त्याची बायको म्हणाली. "चला आता. मी धपाटे करते."

चाकूरच्या अलीकडं आमचं तीन एकर रान आहे. माझ्या पोराच्या छोट्या टेम्पोतून गेलो. मागचं फळकं पक्कं असताना त्यानं त्याला वरून दोरी बांधली. सामान काय, तर रॉकेट, पाण्याची बादली, वाळूची पिशवी, मलमपट्टीचा डबा अन् तीन हेल्मेट. तिसरं माझ्यासाठी. मी फेट्यावर हात ठेवून त्याच्याकडं असं बघितलं की ते त्यानं परत पिशवीत घातलं.

जेवणं झाली. आंबील पिऊन आजूबाजूच्या वावरातली माणसं कोपीपाशी जमली, कारण पाण्यावर रॉकेट उडणार ही बातमी तोवर बांधाबांधानं गेली होती. ह्यानं जागा शोधायला सुरुवात केली. ज्वारीपासून लांब, कडब्यापासून लांब, चुलीपासून लांब. सोयाबीन काढलेल्या मोकळ्या रानात इतका आत गेला की मला वाटलं आता दुसऱ्या तालुक्यात जातो. चबुतरा ठेवला. पोरीला हेल्मेट घातलं, स्वतः घातलं. डबीत पाणी भरलं, पुडी फोडली, अन् अर्धीच टाकली. उरलेली दुमडून खिशात. पोरीला मागं आईपाशी उभं केलं अन् वायर ताणून बटन स्वतःच्या हातात घेतलं.

मला त्याच्या बायकोचं उतरलेलं तोंड दिसलं.

डबीत बुडबुडे यायला लागले. लई वेळ बुडबुडेच. एक म्हातारा म्हणाला, चहा ठेवलाय का? ह्यानं बटन दाबलं. फुस्स झालं. रॉकेट चबुतऱ्यावर जरासं हाललं अन् कलंडलं.

माणसं हसत कोपीकडं परतली. मीसुद्धा बोललो, पाणी जळलं का हो सायेब? पण ह्या गड्याच्या तोंडावर काय होतं सांगू? आनंद. जीव भांड्यात पडल्यासारखा. म्हणाला, चला, झालं, काई वाईट झालं न्हाई. अन् खाली बसून वायर गुंडाळायला लागला. पोरगीही निमूट त्याच्या शेजारी बसली अन् एकेक भाग पुसून खोक्यात ठेवायला लागली, त्याच्याहून नीट. तिची आई वळली अन् पाठ करून काळ्या रानातच खाली बसली.

तेव्हा पोरगी रॉकेट पुसत पुसत म्हणाली, "पप्पा, रॉकेटची केस आलेली हाय का?"

त्याचा हात थांबला. तो विचार करायला लागला. खरोखर विचार, सगळं हापिस त्याच्या डोळ्यांपुढून चाललेलं दिसत होतं. तो हो म्हणाला असता तर कुणाला कळणार होतं? पण हा माणूस खोटं बोलत नव्हता. माझ्या कठड्याबाबत त्याची अक्कल चुकली होती, पण खोटं तो तिथंही बोलला नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला. "एक बी न्हाई आली."

"मग आपून कशाला भिऊन राहिलो?"

त्यानं खिशातली अर्धी पुडी काढली, डबी धुऊन पाणी बदललं, अन् पुडीतलं उरलेलं निंबूसत सगळं टाकलं. खोक्यात आणखी पुड्या होत्या, त्यातलीही एक फोडली. चबुतरा मांडला, वायर सोडली अन् बटन पोरीच्या हातात दिलं. तिच्या हातावर आधी त्याचा हात होता. बुडबुडे भरत गेले तसा त्यानं तो काढला. काढून स्वतःच्या दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

तिनं दाबलं.

टायर फुटल्यागत आवाज झाला. चबुतऱ्यावर रॉकेट नव्हतं. आम्ही सगळे माना वर करून येड्यासारखे बघतोय, अन् तोंडावर बारीक तुषार पडले. मग शेजारच्या तुरीच्या वर, लई वर, एक ठिपका दिसला. कोपीतली माणसं हातातली भज्जी घेऊनच पळत आली. पाणी जळलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण कुणी विचारलं तर मी अजून म्हणतो, वाऱ्यानं वर गेलं.

पोरगी हेल्मेटसकट तुरीकडं धूम पळाली. तिच्या मागं बाप. तो पायाखाली न बघता पळतोय, हे मी पहिल्यांदा बघितलं. बांधाकडेच्या सरीत पाय गेला अन् गडी आडवा. आम्ही धावलो. तोंडाला माती, घोटा सुजायला लागलेला, अन् हा उठून बसत म्हणतो, "हेल्मेट होतं म्हणून वाचलो."

पोरगी रॉकेट घेऊन परत आली, त्याच्याकडं वाकून बघितलं अन् म्हणाली, "पप्पा, केस आली."

तो जो हसायला लागला तो थांबेना. हेल्मेटच्या आत हसल्यावर आवाज रांजणातून आल्यासारखा येतो.

त्यानंतर निंबूसत संपेपर्यंत उडवलं. संपल्यावर माझ्या बायकोनं टोपलीतलं लिंबू पिळलं, तरी उडालं. आधीइतकं नाही, पण बोरीच्या वर गेलं. दिवस मावळताना माझ्या पोरानं रीतीप्रमाणं गवताचा हेंडगा पेटवला अन् तो जळता घेऊन वावराभोवती पळाला. विमावाला आ वासून बघत राहिला. केस एकही सांगितली नाही. फक्त बादली जवळ ओढून घेतली.

घरी आल्यावर तो भिंतीला धरून लंगडत जिना चढायला लागला. मधेच थांबला. बायको वरच्या पायरीवर, पोरगी बगलेत रॉकेट धरून तिच्याजवळ.

"मामा," तो म्हणाला, "उद्या पोरगी गच्चीवरून उडवायचं म्हणून राहिली. किल्ली द्याल का?"

मी करदोड्यावर हात ठेवला. "कठडा बरोबर हाय म्हणा. आत्ता देतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. एक शब्द बोलायचा होता. गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्याही बापानं तो बोलून टाकला असता.

"ठेंगणाच हाय मामा," तो म्हणाला. "पर किल्ली द्या. मी तिचा हात धरून उभा राहीन."

सकाळी बघू, एवढंच म्हणून मी आत गेलो. बायकोनं उरलेली खीर माझ्यापुढं ठेवली ती वाटी आपटून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी गच्चीचं कुलूप काढलं अन् किल्ली जिन्यातल्या खिळ्याला अडकवली. मोरीच्या मागून थापी अन् ओळंबा शोधून काढला, घमेल्यात माल कालवला, अन् कठड्यावर चारी बाजूंनी विटांचे दोन थर चढवले. कठडा ठेंगणा होता म्हणून नव्हे. अंगणात विटा उगाच पडून होत्या.